काल्पनिक संस्थेचे बारसे

पात्रांची नावे ठरविताना लेखक बराच विचार करतो. कथेतील बँक, सरकारी खाते किंवा गुप्त संघटना यांच्या वाट्याला तेवढा विचार क्वचितच येतो. वास्तविक येथे अडचण दुहेरी असते. नाव वाचकाला खरे वाटले पाहिजे आणि तरीही त्या नावाची संस्था प्रत्यक्षात कोठेही असता कामा नये.

जेम्स बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांनी खरे नाव आणि कल्पित नाव हे दोन्ही मार्ग अवलंबिले. सुरुवातीच्या कादंबऱ्यांतील बाँडची शत्रू असलेली 'स्मर्श' ही संघटना खरी होती. 'हेरांना मृत्यू' अशा अर्थाच्या रशियन शब्दांवरून हे नाव पडले. सोव्हिएत सरकारने ती १९४३ मध्ये स्थापन केली आणि १९४६ मध्ये बरखास्त केली. बाँडची पहिली कादंबरी १९५३ मध्ये आली. म्हणजे इतिहासजमा झालेली संस्था फ्लेमिंग यांनी कथेत जिवंत ठेवली.

'थंडरबॉल' (१९६१) या कादंबरीत मात्र कोणत्याही देशाशी न बांधलेली 'स्पेक्टर' ही संघटना अवतरली. या इंग्रजी शब्दाचा अर्थ भूत. अक्षरे सुटी केली, की प्रतिहेरगिरी, दहशतवाद, सूड आणि खंडणी यांसाठीची 'स्पेशल एक्झिक्युटिव्ह' असे लांबलचक नाव तयार होते. ब्रिटनने १९४० मध्ये स्थापन केलेल्या गुप्त संघटनेचे नाव होते 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह'. गुन्हेगारांच्या टोळीला असा सरकारी पोशाख चढविल्यामुळेच ती खरी वाटते.

या नावाला किंमतही होती. 'थंडरबॉल'चे कथानक आधी चित्रपटासाठी इतरांच्या सहकार्याने रचले गेले होते. त्यांपैकी केव्हिन मॅक्लोरी यांनी न्यायालयात धाव घेतली. हक्कांच्या या वादामुळे १९७१ नंतर बाँडच्या मूळ चित्रपटमालिकेतून 'स्पेक्टर' हे नाव नाहीसे झाले. २०१३ मध्ये तंटा मिटला आणि २०१५ मध्ये तेच शीर्षक घेऊन चित्रपट आला.

जॉर्ज ऑर्वेल यांची रीत निराळी. त्यांच्या १९४९ च्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीत असत्य पसरविणारे खाते 'सत्य मंत्रालय' म्हणविते, तर युद्ध चालविणारे 'शांतता मंत्रालय'. येथे नाव खरे वाटते, कारण कोणतीही सत्ता आपल्या खात्याला गोंडस नावच देते. विसंगती लेखक सांगत नाही. ती वाचकाला आपोआप जाणवते.

मराठी लेखकाला यातून काय घेता येईल? संस्था स्वतःचे नाव कसे ठेवतात, हे आधी पाहावे. साखर कारखान्याला दैवताचे किंवा दिवंगत नेत्याचे नाव, पुढे 'सहकारी' आणि शेवटी 'मर्यादित'. शिक्षणसंस्थेला 'प्रसारक मंडळ'. हा साचा पाळला, की वाचकाची खात्री पटते. मात्र त्या साच्यात बसविलेले नाव एखाद्या खऱ्या कारखान्याचे निघाले, तर कथेतील भ्रष्ट अध्यक्षाच्या जागी वाचकाला एक ओळखीचा चेहरा दिसू लागतो आणि बदनामीचा दावाही उभा राहू शकतो. म्हणून साचा खरा असावा, नाव मात्र कोणाचेच नसावे. बारशापूर्वी संस्थांच्या नोंदी आणि दूरध्वनी पुस्तिका चाळण्याचे कष्ट अशा वेळी वाया जात नाहीत.