ब्रेकबीट संगीतातील प्रादेशिक रुचिभेद

मूळ ध्वनिमुद्रिकेत गायन व सुरेल वाद्ये थांबून केवळ तालवाद्ये वाजत असतात असा अल्पकालिक भाग वेगळा काढून, त्याची अखंड आवर्तने करून त्यावर रचलेले नृत्यसंगीत म्हणजे ब्रेकबीट संगीत होय. अशा भागास ‘ब्रेक’ म्हणतात. हाउस व टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारांत चारही मात्रांवर मोठ्या ड्रमचा सारखा ठोका पडतो. ब्रेकबीटमध्ये काही ठोके मात्रेच्या किंचित आधी वा नंतर येतात, काही गाळले जातात; त्यामुळे ठेका मोडल्यासारखा भासतो, परंतु लय सुटत नाही. या संगीताचे सादरीकरण मुख्यतः डिस्क जॉकी अथवा डीजे करतो. स्वतःच्या व इतरांच्या ध्वनिमुद्रिका एकमेकींत मिसळून तो एक वा अधिक तासांचा सलग क्रम वाजवितो. त्यास ‘सेट’ म्हणतात. सेटमधील निवड, वेग आणि क्रम यांवर त्या त्या शहरातील नर्तकांच्या आवडीचा ठसा उमटतो. मूळ सामग्री बव्हंशी एकच असूनही लंडन, बॉल्टिमोर, ऑर्लँडो व सेव्हिल येथील सेट परस्परांहून फार भिन्न झाले, ही या संगीताच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे.

या पद्धतीचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. जमेकातील किंग्स्टन येथे जन्मलेला आणि १९६७ मध्ये अमेरिकेत आलेला क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेज्विक अव्हेन्यूवरील एका इमारतीच्या सभागृहात भरविलेला नृत्यसमारंभ हा हिप-हॉप संगीताचा आरंभ मानला जातो. गाण्यातील ब्रेक आला की नर्तक विशेष हिरिरीने नाचतात, हे हर्कच्या ध्यानी आले होते. म्हणून त्याने एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकडीयंत्रांवर लावून, एकीवरील ब्रेक संपताच दुसरीवरील सुरू करण्याची युक्ती योजिली. थोडक्यात, या संगीताचा मूळ निर्णय वादकाने नव्हे, तर नाचणाऱ्यांच्या पावलांनी घेतला. पुढेही ते प्रत्येक गावी असेच घडत गेले.

सर्वांत अधिक वापरला गेलेला ब्रेक वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ (१९६९) या रचनेतील आहे. तो ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने वाजविलेला असून केवळ चार आवर्तनांचा, सु. सात सेकंदांचा आहे. पहिली दोन आवर्तने सारखी आहेत. तिसऱ्यात स्नेअर ड्रमचा एक आघात उशिरा येतो. चौथ्यात पहिली मात्राच मोकळी सोडलेली असून पुढे झांजेचा आघात अपेक्षेपूर्वी येतो. समेवर आघात न करता ती श्रोत्याच्या मनात राहू देण्याची जी रीत तबलावादनाच्या जाणकारांस परिचित आहे, तिची येथे आठवण होते. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ (१९७०) मधील क्लाइड स्टबलफील्डचा ब्रेक, लिन कॉलिन्सच्या ‘थिंक’ (१९७२) मधील ब्रेक आणि ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’च्या ‘अपाची’ (१९७३) मधील ब्रेक हेही सर्वत्र आढळतात. ध्वनीचे नमुने साठवून हवे तसे पुन्हा वाजविणारे सॅम्पलर हे यंत्र १९८० नंतरच्या दशकात सामान्य कलावंतांच्या आवाक्यात आले आणि ब्रेक कापून त्याच्या ठोक्यांचा क्रम बदलणे सोपे झाले.

प्रादेशिक भेद टिकून राहण्यास एक यांत्रिक कारणही साहाय्यभूत झाले. दोन ध्वनिमुद्रिका मिसळताना त्यांचा वेग एक करावा लागतो. डीजेंच्या पसंतीस उतरलेल्या टेक्निक्स एसएल–१२०० तबकडीयंत्राच्या १९७९ च्या आवृत्तीत वेग केवळ आठ टक्के वाढविता अथवा घटविता येई. मिनिटाला १३० ठोक्यांची ध्वनिमुद्रिका त्यामुळे सु. १२० ते १४० या मर्यादेतच राही आणि १७० ठोक्यांच्या ध्वनिमुद्रिकेशी तिचा सहज मेळ बसत नसे. एखाद्या शहराने एक वेग पसंत केला, की तेथील डीजे त्याच वेगाच्या तबकड्या विकत घेत, तेथील निर्माते त्याच वेगाच्या तबकड्या काढीत आणि परस्थ डीजेलाही तो वेग पाळावा लागे. पुढे संगणकाधारित यंत्रांनी ही मर्यादा दूर केली, तरी तोवर आवडीनिवडी रुळल्या होत्या.

ब्रिटनमध्ये सु. १९९० ते १९९२ या काळात हिप-हॉपचे ब्रेक वाढीव वेगाने वाजवून त्यांवर टेक्नोचे स्वर चढविण्याचा प्रकार ‘हार्डकोर’ या नावाने फोफावला. परंतु देशभर त्याचे एकसारखे स्वागत झाले नाही. स्कॉटलंडमधील नर्तकांनी मोडका ठेका फारसा स्वीकारला नाही. तेथे सरळ ठोक्याचे, उसळत्या चालीचे वेगवान टेक्नो लोकप्रिय झाले. इंग्लंडच्या उत्तर भागातही पियानोचे उल्हसित स्वरसमूह व सरळ ठोका यांचा ओढा अधिक होता. लंडनमध्ये याउलट पियानो मागे पडून ब्रेक व खर्ज हेच उरले. तेथील कॅरिबियन वंशाच्या तरुणांना जमेकन ‘साउंड सिस्टिम’ची, म्हणजे प्रचंड ध्वनिवर्धकांवर रेगे संगीत वाजविणाऱ्या फिरत्या संचांची, परंपरा घरातूनच मिळाली होती. त्यांच्या सहभागातून १९९१–९४ च्या सुमारास ‘जंगल’ हा प्रकार आकारास आला. त्यात ब्रेक मिनिटाला १६० ते १७० ठोक्यांच्या वेगाने धावतात, तर खर्जातील स्वरावली त्याच्या निम्म्या गतीने चालते. एकाच वेळी दोन लयी उपलब्ध असल्याने नर्तक आपल्या प्रकृतीप्रमाणे द्रुत वा संथ नाचू शकतो. हे दुहेरीपणच जंगलच्या यशाचे मर्म असावे.

लंडनच्या जंगल सेटमध्ये एमसी म्हणजे ध्वनिक्षेपकावरून लयबद्ध निवेदन करणारा साथीदार अपरिहार्य असे. एखादी ध्वनिमुद्रिका श्रोत्यांस विशेष भावली, तर ते ओरडून व भिंतींवर थापा मारून ती पुन्हा मागत आणि डीजे तबकडी मागे फिरवून आरंभापासून वाजवी. सलग प्रवाह मोडणारी ही रीत जमेकाहून आलेली. हाउसच्या श्रोत्यांना ती रसभंग वाटे. आपल्या वन्स मोअरचेच हे भावंड. शिवाय डीजे अप्रकाशित रचनांची ‘डबप्लेट’ ही एकच प्रत ॲसिटेटवर कापून घेत. ती काही आठवड्यांत झिजून निकामी होई. तथापि तेवढ्या अवधीत ती रचना अन्य कोणाकडेही नसे आणि डीजेची प्रतिष्ठा त्यावर ठरे. कूल एफएमसारखी विनापरवाना नभोवाणी केंद्रे उंच निवासी इमारतींच्या गच्च्यांवर प्रक्षेपक उभारून हे सेट घरोघरी पोहोचवीत. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथे झालेल्या प्रचंड मुक्त मेळ्यानंतर १९९४ च्या कायद्याने उघड्यावरील अशा समारंभांवर कडक निर्बंध घातले. त्या कायद्यात ‘पुनरावृत्त ठोके’ हा संगीताचा कायदेशीर निकष मानण्यात आला, ही विधिशास्त्रातील एक नवलाईच म्हणावी लागेल.

ब्रिस्टल हे शहर लंडनपासून फार दूर नाही, पण तेथील वळण निराळे आहे. रेगे, सोल व संथ हिप-हॉप यांवर पोसलेल्या या शहरातील रॉनी साइझ व त्याच्या ‘रेप्रेझेंट’ या संचाने ड्रम अँड बेस या नावाने रूढ झालेल्या उत्तरकालीन जंगलमध्ये डबल बेस व प्रत्यक्ष गायन यांना स्थान दिले. त्यांच्या ‘न्यू फॉर्म्स’ या ध्वनिमुद्रिकेस १९९७ चा मर्क्युरी पुरस्कार लाभला.

रुचिभेद केवळ शहराशहरांतच असतो असे नाही. लंडनच्या हॉक्स्टन भागातील ‘ब्लू नोट’ या क्लबमध्ये १९९५ च्या सुमारास रविवारी गोल्डी याच्या ‘मेटलहेड्झ’ची सभा भरे व सोमवारी तबलावादक तलविन सिंग याची ‘अनोखा’. पहिलीत कापून काढलेले, गडद व कठोर ब्रेक असत; दुसरीत त्याच वेगाच्या ब्रेकवर तबला, सारंगी व हिंदी चित्रपटसंगीताचे अंश चढविले जात. दक्षिण आशियाई वंशाच्या ब्रिटिश तरुणांना आपल्या घरातील संगीत शहराच्या नृत्यगृहात प्रथमच बरोबरीच्या नात्याने ऐकू आले. या प्रवाहास ‘एशियन अंडरग्राउंड’ म्हणतात. तलविन सिंग याच्या ‘ओके’ (१९९८) या ध्वनिमुद्रिकेस १९९९ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. तबल्याचे द्रुत बोल व मिनिटाला १७० ठोक्यांचा ब्रेक यांचा मेळ जमतो, कारण दोहोंत लहान आघातांची दाट वीण असते. तरीही तबला निव्वळ रंगापुरता वापरलेल्या रचनाही या प्रवाहात पुष्कळ निघाल्या, हे मान्य केले पाहिजे.

अमेरिकेत बॉल्टिमोरने एकदम उलट मार्ग धरला. तेथे १९९० च्या आगेमागे मिनिटाला सु. १३० ठोक्यांचे ‘बॉल्टिमोर क्लब’ संगीत निर्माण झाले. ब्रिटिश निर्माते ब्रेकचे तुकडे तुकडे करून नवी नक्षी काढीत. बॉल्टिमोरमध्ये ‘थिंक’चा ब्रेक बहुधा अखंडच ठेवला जातो आणि त्यावर एखादा शब्द वा आरोळी पुनःपुन्हा आपटली जाते. रचना आखूड, कच्च्या, नागर सफाई टाळणाऱ्या असतात. सेटमध्ये त्या झपाट्याने बदलतात, कारण तेथील नाच हा पदन्यासाच्या चढाओढीचा आहे व स्पर्धकाला सतत नवे आव्हान हवे असते. स्कॉटी बी व शॉन सीझर यांच्या ‘अनरूली रेकॉर्ड्‌स’ या संस्थेने या संगीताच्या तबकड्या काढल्या. के-स्विफ्ट या स्त्री-डीजेने नभोवाणीवरून ते शहरभर नेले. तिचा २००८ मध्ये अकाली मृत्यू झाला. दीर्घकाळ या रचना शहराबाहेर क्वचितच ऐकू येत. न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे मात्र त्यांची एक अधिक वेगवान शाखा रुजली.

फ्लॉरिडातील ऑर्लँडो व टँपा येथील ब्रेकबीटचे पूर्वज वेगळे आहेत. मायामीत १९८० नंतरच्या दशकात रोलंड टीआर–८०८ या तालयंत्राच्या दीर्घ खर्जध्वनीवर आधारलेले ‘मायामी बेस’ संगीत प्रचलित होते आणि मोटारीत बसविलेल्या अवाढव्य ध्वनिवर्धकांची तेथे हौस होती. डीजे आयसी व त्याच्या समकालीनांनी या खर्जाला ब्रेक व हाउसमधील गाते स्वर यांची जोड दिली. फ्लॉरिडातील सेट उजळ, गुळगुळीत व दीर्घ सांध्यांचे असतात. एमसी सहसा नसतो व तबकडी मागे फिरविली जात नाही. मोटारीतून ऐकण्याचा हा परिणाम असावा, असे सुचविता येईल: लांबच्या सरळ रस्त्यावर प्रवाह तुटलेला आवडत नाही.

स्पेनचे उदाहरण सर्वांत विलक्षण आहे. व्हॅलेन्सिया व कॅटालोनिया या भागांत १९९० नंतरच्या दशकात सरळ व कठोर ठोक्याच्या ‘बाकालाओ’ व ‘माकिना’ या प्रकारांचे साम्राज्य होते. दक्षिणेकडील अंदालुसियाने त्याच सुमारास ब्रेकबीट स्वीकारला. लंडनच्या ‘बार रुंबा’ या क्लबमधील ‘फ्रिक्शन’ या सभेतून १९९६ पासून रेनी पिल्ग्रेम, ॲडम फ्रीलंड आदींनी सु. १३० ठोक्यांचा जो नवा ब्रेकबीट पुढे आणला, तो ब्रिटनमध्ये दशकभरातच ओसरला. सेव्हिल, कादिझ, मालागा व ग्रानादा या प्रांतांत मात्र तो तरुणांचे नित्याचे संगीत बनला. प्लंप डीजेज, स्टँटन वॉरियर्स अशा ब्रिटिश डीजेंना स्वदेशी मागणी घटल्यावरही तेथे मोठा श्रोतृवर्ग लाभत राहिला. फ्लामेंकोच्या भूमीत मोडक्या ठेक्याची जाण उपजतच असते, असे स्पष्टीकरण यासाठी दिले जाते. ते मोहक असले, तरी जपून घ्यावे. फ्लामेंकोतील बुलेरिया हा प्रकार बारा मात्रांचा आहे, ब्रेकबीट चार मात्रांचा. चार मात्रांचे तांगोस त्यास अधिक जवळचे ठरतील. परंतु मोठ्या खुल्या मेळाव्यांची सवय व ठराविक डीजेंच्या वारंवार झालेल्या भेटी ही साधी कारणे अधिक विश्वसनीय वाटतात.

अन्यत्रही स्थानिक संगीताशी असेच संयोग झाले. साऊँ पाउलू येथील डीजे मार्की व एक्सआरएस यांची ‘एलके’ (२००२) ही रचना ब्राझीलमधील गायक झोर्झी बेन व तोकिन्यो यांच्या गीतातील गिटारवर उभी आहे आणि ती ब्रिटनमध्येही गाजली. न्यूझीलंडमध्ये रेगेप्रेमी श्रोत्यांनी ड्रम अँड बेस आपलासा केला व ‘शेपशिफ्टर’सारखे वाद्यवृंद तो प्रत्यक्ष वाद्यांवर वाजवू लागले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून निघालेला ‘पेंड्युलम’ हा संच २००३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थायिक झाला.

सेट ही क्षणिक कला आहे. तिचे जे अवशेष उरले, ते मुख्यतः संयोजकांनी विकलेल्या ध्वनिफितींच्या संचांत आणि विनापरवाना केंद्रांचे कार्यक्रम घरी उतरवून घेणाऱ्या श्रोत्यांच्या कॅसेटींत. त्यांवरून आता इतिहासलेखन होत आहे. मात्र कॅसेटीत नर्तक दिसत नाहीत आणि एखादी तबकडी मागे का फिरविली, हे केवळ गलक्यावरून ताडावे लागते.

या सर्व शहरांना ठेका पुरविणाऱ्या ड्रमवादकांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न उरतोच. ब्रेकवर वादकाचा स्वतंत्र हक्क मानला जात नसे. हक्क रचनाकार व ध्वनिमुद्रण संस्था यांच्याकडे असे आणि तोही दीर्घकाळ बजावला गेला नाही. क्लाइड स्टबलफील्ड (मृत्यू २०१७) यास ‘फंकी ड्रमर’च्या असंख्य पुनर्वापरांबद्दल मानधनाचा हक्क मिळाला नाही. ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये अटलांटा येथे बेघर अवस्थेत मरण पावला. आपल्या सात सेकंदांवर एक संगीतप्रकार उभा आहे याची त्यास कल्पना होती किंवा कसे, याबद्दल त्याच्या सहकाऱ्यांना शंका होती. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यास २०१५ मध्ये ब्रिटनमधील दोन डीजेंनी लोकवर्गणीतून जमविलेले सु. २४,००० पौंड देण्यात आले. वर्गणीदारांत निरनिराळ्या देशांतील डीजे व नर्तक होते. स्पेन्सर २०२० मध्ये निवर्तला.