विहिरीची शेवाळी आणि समुद्राचें पाणी

पाऊस लागून पंधरवडा लोटला कीं आमच्या उमापुरांत जुन्या भिंतींवर व विहिरींच्या दगडांवर मखमलीसारखी शेवाळी चढते. पाय घसरण्याच्या भयापलीकडे तिचा कोणी विचार करीत नाहीं. मुलांनीं ती एकदां नखानें खरवडून पाहावी. ही इवलीशी वनस्पति आम्ल सोडते आणि पाषाणांतील चुना, लोह व स्फुर हळूहळू मोकळे करते. ह्याच कामानें एके काळीं पृथ्वीचें वातावरण व समुद्र पालटले.

सुमारें ४७ कोटी वर्षांपूर्वीं जमिनीवर गवताची काडीहि नव्हती. हवेंत कर्बवायु आजच्या कित्येक पट होता व प्राणवायु पुष्कळ कमी. अशा वेळीं पाणथळ जागीं शेवाळीसारख्या वनस्पती प्रथम उगवल्या. पुढें, ३८ कोटी वर्षांच्या सुमारास, खोल मुळांचीं झाडें होऊन अरण्यें पसरलीं. मुळांनीं खडक फोडला. पावसाच्या पाण्यांतील कर्बवायु खडकांतील चुन्याशीं संयोग पावून नद्यांवाटे समुद्रांत गेला आणि तळाशीं चुनखडक होऊन बसला.

स्फुराचें काम शेतकरी पालकांस सांगावयास नको. तेंहि नद्यांनीं समुद्रांत नेलें. गांवतळ्यांत खत वाहून आलें म्हणजे पाणी हिरवें होतें. मग तें हिरवें कुजतें, पाण्यांतील प्राणवायु संपतो आणि सकाळीं मासे पालथे तरंगतात. सुमारें ३७ कोटी वर्षांपूर्वीं समुद्रांत मोठा संहार होऊन प्रवाळांचे बांध जवळजवळ नाहींसे झाले. त्याचें एक कारण जमिनीवरील हीं नवीं अरण्यें असावीं, असें कित्येक शास्त्रज्ञ म्हणतात. सर्वांस मात्र तें मान्य नाहीं.

प्राणवायूच्या बाबतींत मुलें नेहमीं एक चूक करतात. झाड प्राणवायु देतें हें खरें. पण तेंच झाड कुजलें किंवा जळलें म्हणजे दिलेलें बहुतेक परत घेतें. शिल्लक राहते ती न कुजतां गाळाखालीं पुरल्या गेलेल्या झाडाची. अशीं अरण्येंच्या अरण्यें पुरलीं गेलीं, तेव्हां ३० कोटी वर्षांपूर्वीं प्राणवायु हवेंत शेंकडा ३० पर्यंत चढला असावा. आज तो २१ आहे. त्या काळीं सव्वादोन फूट पंखविस्ताराचे चतुर उडत असत!

ह्याचा पुरावा उमापुरांत शोधूं नये. आपला काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा, अवघा साडेसहा कोटी वर्षांचा. परंतु आपल्या तालुक्याच्या शिवेवरून जाणाऱ्या गोदावरीस पुढें सिरोंच्याजवळ प्राणहिता मिळते. तिच्या खोऱ्यांत जावें. चंद्रपूर जिल्ह्यांत पैनगंगेकांठीं इरई गांवाजवळ खडकावर बर्फाच्या घर्षणाचे ओरखडे आहेत. तेव्हां हा भूभाग दक्षिण ध्रुवाकडे होता, आणि कर्बवायु घटल्यानें पृथ्वीहि थंडावली होती. बर्फ वितळल्यावर तेथें जीं अरण्यें वाढलीं, तींच आजच्या दगडी कोळशांत आहेत.

ह्या कोट्यवधि वर्षांच्या हिशेबानें कोणा पालकांचें मन साशंक होत असेल, तर त्यांनीं इतकें ध्यानांत घ्यावें कीं नागपूरकडील खडकांत त्या अरण्यांचीं पानें वेंचणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत एक मिशनरीच होते. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. शाळा, उपदेश व दगड हीं तिन्ही कामें त्यांनीं एकाच श्रद्धेनें केलीं. १८६३ सालीं टाकळघाटाहून परततांना ओढ्याच्या पुरांत ते बुडाले.

चंद्रपूरच्या विद्युत्केंद्रांत तो कोळसा आतां जळतो, आणि पुरलेला कर्ब पुन्हा हवेंत येतो. १७५० च्या सुमारास हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे २८० भाग होते. आज ४२० हून अधिक आहेत. ज्या दिव्याखालीं मुलें हा लेख वाचतील, त्याच्या उजेडांतहि त्या अरण्यांचा कांहीं अंश असेल.