विषाला धार कोण लावतं?

सिग्नल सुटतो, डिझेलचा टेम्पो काळा धूर ओकत पुढे जातो. आपण काच वर करून निघतो. ट्रॅफिक हवालदार मात्र आठ-आठ तास तिथेच उभा. शेजारी चहाची टपरी, पलीकडे फुलांची टोपली घेऊन बसलेली बाई. यांच्या श्वासातून आत जातं तरी काय?

इंजिनात डिझेल पुरतं जळालं नाही की कार्बनचे बारीक मणी तयार होतात. एकेक मणी साधारण २० ते ३० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरमध्ये तीस हजारांहून जास्त मावतील! ते सुटे राहत नाहीत, द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटतात. वजन जवळजवळ नाहीच, पण पृष्ठभाग केवढा! धूर निवू लागला की त्यातली वाफ या पृष्ठभागावर येऊन बसते. तिच्यात असतं बेंझोपायरीन हे कर्करोग घडवणारं रसायन. काजळी हे नुसतं वाहन, खरा प्रवासी हा.

नाकातले केस आणि घशातला चिकटा जाडी धूळ अडवतात. हा कण त्यांना चकवून फुफ्फुसांच्या तळाशी, वायुकोशांत पोचतो. तिथल्या रक्षक पेशी त्याला गिळतात, पण कार्बन पचवणार कसा?

आणि आता ऐका. बेंझोपायरीन जसं आत येतं, तसं ते डीएनएला चिकटत नाही. ते चरबीत विरघळणारं, त्यामुळे लघवीवाटे घालवता येत नाही. म्हणून शरीर त्याला ऑक्सिजन जोडून पाण्यात विरघळण्याजोगं करू पाहतं. बरंचसं बाहेर पडतंही. पण या खटाटोपात मध्येच एक असा रेणू तयार होतो, जो थेट डीएनएला जाऊन चिकटतो! विषाला धार लावतं ते त्याला हाकलू पाहणारं आपलंच शरीर.

त्याच कुळातल्या पायरीनचा माग तर लघवीत काढता येतो. कामगाराच्या शरीरात असली द्रव्यं किती गेली, याचा अंदाज एवढ्याशा नमुन्यावरून बांधता येतो.

काजळीवर पहिलं बोट ठेवलं ते लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने, १७७५ मध्ये, धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग पाहून. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निःसंदिग्धपणे जाहीर केलं ते २०१२ मध्ये.

तोंडाला बांधलेला रुमाल हे कण फारसे अडवू शकत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क बहुतेक अडवतो. चौकात काम करणाऱ्यांना तो मिळायलाच हवा, ड्युटीही आलटून पालटून लागायला हवी. आणि आपण? सिग्नलला थांबलात की इंजिन बंद करा.