अणुवीज आणि राज्यकर्त्यांचे हेतू

वीज घरात आली म्हणजे ती कोळशाची, पाण्याची की अणूची, हे दिवा काही सांगत नाही. मग नवोदित राष्ट्रांचे राज्यकर्ते अणुभट्टीसाठीच एवढे का आसुसतात? नुसत्या युनिटच्या हिशेबात याचे उत्तर मिळत नाही. ते राजकारणात शोधावे लागते. त्यासाठी फिलिपाइन्समधील बातानचा दाखला आम्हांला सर्वांत बोलका वाटतो.

१९७२ साली राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी तेथे लष्करी कायदा पुकारला. पुढल्याच वर्षी तेलाचे भाव भडकले. आयात तेलावर चालणाऱ्या त्या देशाला दुसरी वाट हवी होती, हे खरेच. परंतु हुकूमशहाला आणखीही काही हवे होते: देश आधुनिक झाल्याची डोळ्यांत भरणारी खूण. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीला गिऱ्हाईक हवे होते, आणि तो माल खपावा म्हणून अमेरिकेची सरकारी एक्झिम बँक कर्ज द्यायला पुढे आली. मार्कोस यांचे स्नेही हर्मिनियो डिसिनी यांनी या सौद्यात मोठी दलाली घेतली, असे पुढे तेथील न्यायालयाने ठरविले.

१९७६ साली काम सुरू झाले. जागा निवडली ती समुद्रकाठची, नातिब ज्वालामुखीच्या परिसरातली. ६२१ मेगावॉटची ती भट्टी उभी राहीपर्यंत खर्च दोन अब्ज डॉलरांपलीकडे गेला. जून १९८५ मध्ये बातानच्या कामगारांनी, शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी प्रकल्पाविरुद्ध तीन दिवसांचा सार्वत्रिक संप केला. फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस देश सोडून पळाले, एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला, आणि कोराझोन अकिनो यांच्या सरकारने भट्टीला टाळे लावले. तिच्यातून एक युनिटही वीज निघाली नाही; कर्ज मात्र जनता २००७ पर्यंत फेडीत राहिली.

आपले तारापूर याहून निराळे. तेथे १९६९ पासून खरोखरच वीज निघाली. ब्रीद स्वावलंबनाचे होते. परंतु पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या, आणि १९६३ च्या करारान्वये इंधनही अमेरिकेचेच. १९७४ साली पोखरणला अणुस्फोट झाला, तेव्हापासून त्या पुरवठ्यात अडचणी उभ्या राहिल्या, आणि १९८२ साली फ्रान्सशी बोलणे करून मार्ग काढावा लागला. अणूची वीज आणि अणूचे अस्त्र यांची विद्या एकमेकींना लागून असते. म्हणून इंधन देणाराही त्यात आपले राजकारण पाहतो.

अणुवीज नकोच, असे आमचे म्हणणे नाही. कोळशाच्या धुराची किंमतही गरिबालाच मोजावी लागते. परंतु कर्ज कोण फेडणार, इंधनाची किल्ली कोणाच्या हाती राहणार, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे नागरिकांनी सही होण्यापूर्वी विचारले पाहिजे. युनियनमध्ये आम्ही करारावर सही करण्याआधी तो सभेत वाचून दाखवितो. देशाच्या कराराला याहून सैल नियम का असावा?