जुन्या घराची दुरुस्ती : ठेकेदाराशी सौदा करण्यापूर्वी

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली भागांत साठ-सत्तरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या अनेक इमारती आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. कुटुंब वाढले, घर तेवढेच राहिले. मग भिंत काढून खोली मोठी करावी, मोरी-संडास नवे करावेत, दुकानाचे तोंड रुंद करावे, असा विचार येतो आणि ठेकेदाराला बोलावणे जाते. आमच्या वाचकांत घर दुरुस्त करून घेणारे आहेत, तसे फरशीवाले, सुतार, प्लंबर आणि ठेकेदारही आहेत. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंचे सांगत आहोत.

पहिला प्रश्न दराचा नाही, तोडायचे काय याचा आहे. 18 जुलै 2007 रोजी बोरिवलीची सात मजली लक्ष्मीछाया इमारत कोसळली. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, त्यात 17 माणसे गेली. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर फेरफार चालू होते आणि इमारतीचा भार पेलणाऱ्या भागाला हात लावल्याचा आरोप झाला. घाटकोपरमध्ये तळमजल्याच्या मालकाला अटकही झाली.

आर.सी.सी.च्या इमारतीत स्लॅबचा भार बीमवर, बीमचा खांबावर आणि खांबाचा पायावर जातो. तिथली साडेचार इंची आडभिंत बहुधा फक्त आडोसा असते. पण जुन्या बैठ्या घरांत व काही दोन-तीन मजली इमारतींत खांबच नसतात. तिथे नऊ इंची भिंत हाच खांब. शिवाय जुने खांब पुष्कळदा भिंतीइतक्याच जाडीचे असून प्लास्टरखाली दडलेले असतात. ठोकून आवाजावरून ओळखतो म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला कितीही यश असो, हा निर्णय त्याचा नव्हे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून त्याच्याकडून लेखी घ्यावे. त्याची फी एकूण खर्चापुढे किरकोळ असते.

जुन्या फरशीवर नवी फरशी बसवणे स्वस्त पडते खरे. पण शंभर चौरस फुटांवर दोन इंच माल आणि वर फरशी म्हणजे एक टनाहून अधिक नवे वजन. जुनी फरशी काढूनच नवी घालावी. तसेच सळई गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. त्यावर नुसते प्लास्टर मारले तर गंज आत वाढतच राहतो. सळई उघडी करून, गंज खरवडून मगच पुढचे काम.

मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 342 प्रमाणे प्लास्टर, रंग, फरशी बदलणे, नळ व वायरिंगची दुरुस्ती यांना पालिकेची परवानगी लागत नाही. लांबी-रुंदी-उंचीत बदल, भार पेलणारी भिंत काढणे किंवा नवा पोटमाळा यांना ही सूट नाही. सोसायटीची संमती हा वेगळा विषय, ती आधीच घ्यावी. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची तपासणी करून घेण्याची जबाबदारी कलम 353-ब ने मालक-रहिवाशांवर टाकली आहे. शहर भागात उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. उपनगरांना ते लागू नाही, इथे खर्च आपल्याच खिशातून.

आता पैशाचे. आपल्या लोकांत ओळखीवर, तोंडी सौदा होतो आणि भांडणही ओळखीतच होते. दर फक्त मजुरीचा की मालासकट, माप कसे धरणार, खिडकी-दरवाजाची जागा वजा होणार का, सिमेंट-फरशी कोणत्या प्रतीची, राडारोडा कोण उचलणार, हे दोन पानांवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. उचल थोडी द्यावी, पुढचे पैसे कामाच्या टप्प्यावर: तोडकाम, नळ-वायर, प्लास्टर, फरशी. यात ठेकेदाराचेही हित आहे. काम अर्धे झाल्यावर घरमालक मोरी इकडून तिकडे करायला सांगतो आणि हिशेबाच्या वेळी जादा कामाचे नाव काढत नाही, हा कारागिरांचा नेहमीचा अनुभव. जादा काम त्याच दिवशी, दरासकट, वहीत लिहून सही घ्यावी. टप्पा पुरा होऊनही पैसे अडकवून ठेवणे म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची चूल अडवणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त तक्रारी मोरीच्या गळतीच्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी लावण्याआधी निचऱ्याचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवावे आणि खालच्या शेजाऱ्याला छत दाखवायला सांगावे. ओल दिसली तर दुरुस्ती त्याच दरात, हे करारात असावे. शेवटची थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी, मात्र तेही काम सुरू होण्यापूर्वी ठरवून.