विहिरीत टी.सी.एल. किती घालावी?



पाऊस सुरू झाला की आपल्या वाड्यांत पोटाची दुखणीही सुरू होतात. आधी एखाद्या लेकराला जुलाब होतात, मग शेजारच्या घरी, आणि बघता बघता अर्धी वाडी अंथरुणाला खिळते. मग कोणीतरी डबाभर टी.सी.एल. आणून विहिरीत पालथी करतो. पाण्याला असा वास सुटतो की बायका नाक मुरडून ओढ्याचे पाणी भरतात, आणि ते तर विहिरीहून वाईट!

दुसऱ्याला काय सांगावे? चर्चच्या आवारातल्या विहिरीत मीही एका वर्षी असेच केले होते. पुढच्या वर्षी उरलेलीच पावडर वापरली. वास आला नाही म्हणून समाधान वाटले. पण त्याच आठवड्यात स्वयंपाक करणाऱ्या मावशी आणि त्यांची दोन्ही मुले आजारी पडली. पावडर मेलेली होती. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये शेकडा ३३ भाग कामाचा क्लोरीन असतो. डबा उघडा राहिला, ओल लागली, ऊन लागले, की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो.

पुस्तकातला हिशेब सोपा आहे. विहिरीची रुंदी मीटरमध्ये मोजा, तिला तिनेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने, आलेल्या आकड्याला ४ ने भागा. हे झाले घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर पाणी. तीन मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर होते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. एवढीशी? होय, पण पाणी स्वच्छ असेल तर!

खरी गोम इथेच आहे. क्लोरीन जंतूंपर्यंत पोहोचण्याआधी पाण्यातली घाण त्याला खाऊन टाकते. कुजलेला पाला, गढूळ माती, उकिरड्यातून झिरपलेले शेणमूत, जांभ्याच्या मुलखात पाण्यात उतरलेले लोह, सगळे आपापला वाटा घेतात. त्यांचे पोट भरल्यावर जो मोकळा उरेल तोच आपल्या कामाचा. म्हणून किती घातले हा प्रश्नच नव्हे. तासाभराने किती उरले हा प्रश्न. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम उरायला हवा. नुसत्या वासावर जाऊ नका. शेणमुतातल्या अमोनियाशी जुळलेला क्लोरीनही नाकात भरतो, पण जंतू मारण्यात तो फार मंद असतो. शहरातल्या पोहण्याच्या तलावावरचा माणूस काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग पाहतो, तोही हाच हिशेब करत असतो.

आपल्या विहिरीची ही भूक मोजायला हॉरॉक्सची पेटी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची चौकशी करावी. तिच्यात सहा पांढरे कप आणि एक काळा कप. काळ्या कपात दोन ग्रॅमचा एक सपाट चमचा पावडर पाण्यात कालवून खुणेपर्यंत पाणी भरतात. पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी घेऊन काळ्यातली निवळी पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, अशी सहापर्यंत घालून ढवळतात. अर्ध्या तासाने प्रत्येकात पिष्ठ-आयोडाइडच्या द्रावणाचे तीन थेंब. ज्या कपात प्रथम स्पष्ट निळा रंग येईल, त्याच्या क्रमांकाइतके चमचे दर ४५५ लिटरला लागतात. समजा तिसरा कप निळा झाला, तर वरच्याच विहिरीला ७० नव्हे, सुमारे ३७० ग्रॅम पावडर लागेल. शिवाय परीक्षा आपल्याच डब्यातल्या पावडरने झाली, त्यामुळे ती जुनी असली तरी तेही कळून येते. एकही कप निळा झाला नाही तर तो डबा फेकून नवा आणावा.

पावडर थेट ओतू नये. एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर नको. आधी थोड्या पाण्यात लगदा करावा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे राहू द्यावे. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडावी व वरखाली हलवावी. तळचा चुना विहिरीत जाऊ देऊ नये. त्याने पाणी जड होते. काही जण वरून आणखी चुना टाकतात, तो तर उलटा उपाय आहे. चुन्याने पाण्याचा पी.एच. वाढतो, आणि तो साडेआठच्या वर गेला की क्लोरीनची धार बोथट होते. हे काम रात्री, शेवटची घागर भरून झाल्यावर करावे. सकाळपर्यंत कोणी पाणी ओढत नाही.

लहान घरगुती विहिरीला नागपूरच्या नीरी संस्थेची दुहेरी मडक्याची रीत सोयीची आहे. एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून भोक पाडलेल्या आतल्या मडक्यात भरतात, ते तशाच भोकाच्या मोठ्या मडक्यात ठेवतात आणि पाण्याखाली मीटरभर सोडतात. दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू झिरपत राहतो.

डबा घट्ट झाकून, अंधाऱ्या कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. रॉकेल आणि ॲसिडपासून तो दूरच असावा. ॲसिड पडले तर विषारी वायू सुटतो.

आणि विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा असेल तर आधी तो हलवा. विहिरीपासून निदान १५ मीटर दूर, उताराच्या खालच्या बाजूला. तोवर पावडरचे पैसे शेणच खात राहील.