सांभाळणारं कुणी हवं

डेबियन ही संगणक चालवणारी फुकट आणि खुली प्रणाली. १९९३ साली अमेरिकेतल्या इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने ती सुरू केली. होणाऱ्या बायकोचं, डेब्राचं, नाव त्याने आपल्या नावाला जोडलं, म्हणून 'डेबियन'. आज जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात.

तिच्यात नवा प्रोग्रॅम घालायचा तर आधी जाहीर सांगायचं की हा मी बांधून देते. म्हणजे एकच काम दोघी करत बसत नाहीत. नवखीचं काम एखादी जाणती सभासद तपासते आणि आपल्या सहीने आत पाठवते. मग परवाना पाहतात: हे सगळ्यांना वापरायला, बदलायला, वाटायला मोकळं आहे ना?

खरं काम त्यापुढचं. लोक चुका कळवतात, चोरांना शिरता येईल अशी भोकं सापडतात, ती वर्षानुवर्षं बुजवायची. आम्हाला हे लगेच पटलं. गटाची वही हौसेने उघडणाऱ्या पुष्कळ, दर महिन्याला लिहिणारी एखादीच!

सांभाळणारी थांबली तर त्या प्रोग्रॅमला 'अनाथ' म्हणतात आणि दत्तक घ्यायला कुणी आहे का, असं जाहीर विचारतात. कुणीच आलं नाही आणि दोष साचले, तर तो काढूनही टाकतात. डेबियन संगणकात बसवताना पडद्यावरचे प्रश्न मराठीतही वाचता येतात. तेही कुणीतरी बसून केलेलं काम.